परक्या बैलाचं पाणी

पाटसच्या शेखलाल मुलाणींनी सत्तरीला टेकता टेकता लॅपटॉप घेतला, तेव्हा सगळ्यात जास्त हसला तो हौसराव. हौसराव म्हणजे त्यांचा जुना दोस्त. सड्याच्या मळ्यातला शेतकरी माणूस, जीभ तिखट, मन लोण्याचं.

"आरं शेखलालभाई, डोळ्यात मोतीबिंदू, गुडघ्याला तेल, आन् हे काय नवं लगीन काढलंस?"

"एम. ए. करतोय," शेखलालमामा म्हणाले.

"कशात?"

"धर्मशास्त्रात. हदीस. म्हंजी पैगंबरसाहेब काय बोलले, कसं वागले, त्याच्या नोंदी. कुणी ऐकलं, त्याच्याकडून कुणी ऐकलं, मग पुढं कुणी सांगितलं, ही सगळी साखळी तपासायची. साखळीत एखादा माणूस कच्चा निघाला, की वचन बाजूला ठेवायचं."

हौसरावानं डोकं खाजवलं. "म्हंजी तलाठ्याचा फेरफारच की! बापाकडनं ल्योकाकडं, ल्योकाकडनं नातवाकडं. मधला वारस खोटा निघाला की उतारा बाद."

मामा खूश झाले. विद्यापीठाच्या पुस्तकात एवढी सोपी व्याख्या त्यांना कुठं मिळाली नव्हती.

आता हे शेखलालमामा मूळचे पाटसचे नव्हेत बरं का. ते शिरूरचे. त्यांच्या तोंडी मात्र अजून जुनं नाव, घोडनदीच. शिरूर म्हणायला जीभ वळत नाही. मुलाण्याचं घर, चार भावंडं, आणि नदीच्या बाजूला एक लहानशी मशीद. त्या मशिदीच्या पडवीत सकाळच्या नमाजानंतर दगडूमियाँ उस्ताद मुलांना कुराण वाचायला शिकवत. दगडूमियाँ काही मोठे आलिम वगैरे नव्हते. त्यांच्याकडं ना डिग्री, ना पगडी. पडवीतला तास संपला की सदऱ्याच्या बाह्या मागे सारायच्या आणि नदीकाठच्या तुकड्यात औत धरायचं. त्यांच्या अंगाला एकाच वेळी अत्तराचा आणि शेणाचा वास यायचा. आजही कुठं गोठ्याजवळ अत्तर लावलेला माणूस गेला, की मामा जागच्या जागी थांबतात. बायको विचारते, "काय झालं वो?" तर म्हणतात, "काय न्हाई, घोडनदीला जाऊन आलो."

उस्तादांकडं पुस्तक एकच होतं. हिरव्या फडक्यात बांधलेलं, कडा खाल्लेलं. त्याला हात लावायच्या आधी मुलांनी हात धुवायचे, आणि ज्यानं नाक शिंकरलं त्यानं दुसऱ्यांदा धुवायचे. उस्ताद एक ओळ वाचायचे, मुलं ती घोळवायची. ज्याची घोळवून झाली त्याला पडवीच्या खांबाला टेकून बसायची परवानगी. तेवढं सुख मिळवायला पोरं जिवाचा आटापिटा करायची! बाजाराच्या दिवशी मात्र धड्याची पार वाट लागायची. लांबलांबच्या गाड्या मशिदीसमोरून जायच्या, आणि एखाद्या गाडीचे बैल फेसाळलेले दिसले की उस्ताद ओळ अर्धीच टाकून उठायचे. मुलांनी विहिरीचा दोर ओढायचा, उस्तादांनी पोहरा धरायचा, पाणी दगडी डोणीत ओतायचं. गाडीवान कोण, कुठला, काही विचारपूस नाही. आणि पाणी ओतता ओतता आपल्या दखनी बोलीत म्हणायचे, "परायेके बैलकू पानी पिलाया, उसकी कबर ठंडी रही." परक्याच्या बैलाला ज्यानं पाणी पाजलं, त्याची कबर गार राहिली.

पोरवयात हे वाक्य शेखलालच्या मनात असं रुतलं की विचारू नका.

पुढं शिक्षणाचं राहूनच गेलं. उस्तादांची फार इच्छा होती, पोरगा हुशार आहे, मोठ्या मदरशात जाऊ दे. पण घरात वडील गेले, आणि आईच्या भावानं पाटसच्या साखर कारखान्यावर चिकटवून दिलं. काम केनयार्डातलं. ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्यांना नंबर द्यायचा, नंबर पुकारायचा, मध्ये घुसणाऱ्याला शिव्या घालायच्या. गाळपाच्या हंगामात तर काय, हायवेपर्यंत गाड्यांची रांग! थंडीत बैलांच्या नाकातून वाफा निघायच्या, गाडीखाली चुली पेटायच्या, पाचटाचा आणि मळीचा वास साऱ्या गावावर पसरायचा. आता ट्रॅक्टर आले, ट्रक आले. बैलगाडी दिसते ती अधूनमधून. मामांना तो वास अजून आठवतो, आणि आठवला की जेवण गोड लागत नाही.

तर नोकरी पक्की झाल्या झाल्या मामांनी पहिलं काम काय केलं? स्वतःच्या घराला पत्रे घातले नव्हते, पण रस्त्याकडेला बैलांसाठी सिमेंटचा हौद बांधला. इमामबी, त्यांची बायको, तेव्हा नवी नवरी. ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर छप्पर न्हाई आन् बैलास्नी हौद?" मामा म्हणाले, "हदीस हाय. पैगंबरसाहेबांनी सांगितलंय." मग ती काय बोलणार! उसाच्या गाडीवानांनाही त्यांनी हेच सांगितलं. मशिदीत, चहाच्या टपरीवर, दर्ग्याच्या उरुसात, जिथं विषय निघेल तिथं हेच. हंगामामागून हंगाम गेले, ऊसतोडीच्या माणसांच्या तोंडी ती हदीस पार बीडपर्यंत गेली.

आणि म्हणूनच एम. ए.च्या प्रबंधाला विषय घेतला, मुक्या जनावरांशी माणसाची वागणूक. मामांच्या मनात एकच गोष्ट होती. या प्रबंधात कुठंतरी उस्तादांचं ते वाक्य रीतसर संदर्भासकट छापून यावं. कोणती किताब, कितवं पान, कोणाकोणाकडून आलं. एवढं झालं की राहून गेलेलं शिक्षण पुरं झालं, उस्तादांचं देणं फिटलं. पदवी मिळो न मिळो, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पुण्याच्या विद्यापीठात त्यांच्या मार्गदर्शक होत्या डॉ. तांबोळी मॅडम. वयानं मामांच्या लेकीएवढ्या. बोलायला मऊ, पण तपासायला अशा कडक की वाक्यागणिक लाल खूण. त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मुलाणीसाहेब, वाक्य सुंदर आहे. पण संदर्भ द्या. संदर्भ नसेल तर हदीस म्हणून घेता यायचं नाही."

"देतो की! एवढ्या किताबा पडल्यात, सापडंल कुठंतरी."

किताबा पडल्या होत्या त्या कॉम्प्युटरमध्ये. मामांची सून शिरीन दौंडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मुलगा सणसवाडीला कंपनीत, शिफ्टच्या पाठीमागं. तेव्हा लॅपटॉपची सगळी मदार सुनेवर. तिनं एक अरबी ग्रंथालय उतरवून दिलं. हजारो किताबा, एका एका किताबेचे वीस वीस खंड, आणि वरती शोधायची एक लांबट चौकट. मामा बघतच राहिले. उस्तादांकडं एक फाटकं पुस्तक, आणि इथं मांडीवर मावेल एवढ्या डब्यात बगदाद, दमास्कस आणि कैरो! त्यांचे डोळे भरून आले आणि थोडा रागही आला. हे तेव्हा का नव्हतं? दगडूमियाँना एकदा, फक्त एकदा हे दाखवायला मिळायला हवं होतं. काय म्हणाले असते ते? बहुतेक म्हणाले असते, आधी हात धू.

म्हणून मामा हात धुवायचे. नुसते हात नव्हे, नमाजाआधीसारखा रीतसर वजू करायचे, डोक्याला टोपी घालायचे आणि कुराण ठेवायची लाकडी घडीची रेहल असते ना, तिच्यावर लॅपटॉप मांडायचे. इमामबी तोंडाला पदर लावून हसायची. शिरीन म्हणायची, "अब्बा, त्याच्या खालून हवा बंद होतीय, तापंल तो." मामा म्हणायचे, "तापू दे. इल्मनं, विद्येनं माणूस तापतोच."

शोधायचं कसं हेही शिकावं लागलं. अरबी अक्षरांवरच्या खाली-वरच्या खुणा घालून शोधलं तर काहीच मिळत नाही. त्या काढून नुसती अक्षरं घालायची. एकच शब्द घातला तर निकालांचा पूर येतो. दोन शब्द एकमेकांजवळ असतील असं शोधायचं. पुन्हा एका गोष्टीला शब्द अनेक. उस्तादांनी वाक्य सांगितलं दखनीत, किताबा अरबीत. बैलाला एक शब्द, गुराला दुसरा, पाणी पाजण्याला तिसरा. मामांनी सगळे घालून पाहिले. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट मिळाली, ती तर प्रसिद्धच. मांजरीची मिळाली. उंटाच्या तक्रारीची मिळाली. परक्याचा बैल काही मिळेना.

तेव्हा मामांनी डोकं चालवलं. शब्दकोश घेऊन उस्तादांच्या वाक्याचं अरबी भाषांतर स्वतःच केलं आणि आपल्या टिपणांत टाइप करून ठेवलं. म्हणजे रोज त्यातले शब्द उचलून शोधता येतील. ती टिपणं म्हणजे एक बाजारपेठच होती. अभ्यास त्यातच, आठवणी त्यातच, घरचं सामानही त्यातच.

पुढं मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बरेच महिने अभ्यास बंद पडला. तेवढ्यात पहिला लॅपटॉपही बसला. तापला असणार, दुसरं काय. शिरीननं दुसरा आणला, जुन्यातलं होतं नव्हतं ते नव्यात भरलं, आणि मामांना शोधायला सोपं पडावं म्हणून त्यांची टिपणंही त्या ग्रंथालयातच घालून दिली. सांगितलंही तिनं. पण मामा तेव्हा डोळ्यात औषध घालून पडले होते, त्यांनी हूं हूं केलं आणि विसरले.

एक दिवस दुपारी, नव्या चष्म्यानं, सहज म्हणून त्यांनी पुन्हा कबर, बैल आणि पाणी असे तीन शब्द घातले. चाक फिरलं. आणि खाली एक निकाल आला. एकच. किताबेचं नाव, नवीन किताब. लेखक, अज्ञात. आणि वाक्य? परक्याच्या बैलाला ज्यानं पाणी पाजलं, त्याची कबर गार राहिली. शब्दाला शब्द!

मामा एकदम असे ओरडले, की इमामबी हातातलं पीठ टाकून आली. "मिळाली! उस्तादांची मिळाली!" बिचारे लहान मुलासारखे रडले. लेखक अज्ञात आहे म्हणजे किती जुनं हस्तलिखित असेल, याचा त्यांनी मनाशी हिशेबही मांडून टाकला. अरबी थोडी ओबडधोबड वाटली, तर म्हणाले, "जुनी माणसं. सरळ लिहायची."

काय म्हणावं या माणसाला!

त्या दिवशी हौसरावाला बोलावून गूळ-शेंगदाणे झाले. मशिदीच्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनचा फोटो गेला. आणि शिरूरला फोन गेला तो अक्रमला. अक्रम म्हणजे दगडूमियाँ उस्तादांचा नातू, वेल्डिंगचं दुकान चालवतो आणि त्याच मशिदीच्या कमिटीवर आहे. योगायोग असा, की कमिटीनं मशिदीसमोरची ती जुनी डोण काढून बाजाराच्या जनावरांसाठी नवा हौद बांधायला घेतला होता.

"चाचा, आमच्या आजोबांची हदीस किताबात मिळाली? खरंच?" अक्रमनं दोनदा विचारलं. "मंग हौदावर हेच घालतो. फरशीवर कोरून घेतो. वर हदीस शरीफ लिव्हतो आन् खाली हे. उद्घाटनाला तुम्हीच पाहिजे."

मामांना त्या क्षणी जगात काही कमी उरलं नाही.

नंतर मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "फारच छान. आता मला त्या ओळीचं मागचं आणि पुढचं पान वाचून दाखवा. साखळी कुठली, विषय कुठला चाललाय, ते कळेल."

मामांनी पान उलटलं. पुढच्या पानावर देवनागरीत लिहिलं होतं, 'इमामबीच्या गुडघ्याचं तेल, दौंडवरून. मोठी बाटली.'

मामांनी ते तसंच वाचून दाखवलं. दुसरं काय करणार? मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं भलं होवो, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "होतं असं. शोधणाऱ्याला शोधायचंच असतं. पण साहेब, ते टिपण ग्रंथालयातून काढून टाका. उद्या तुमच्याकडून कुणी हे सगळं कॉपी करून नेलं, तर त्याला ते खरंच किताबेतलं वाटेल. आणि एकदा पसरलं की मागं घेता येत नाही, तुम्ही जाणता."

मामा जाणत होते. पैगंबरांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या नावावर घालणं, याच्याएवढा मोठा गुन्हा या विद्येत नाही. पहिल्याच धड्यात ते शिकवतात. आणि आपण काय केलं? आयुष्यभर तेच केलं की! शरमेनं त्यांचे कान तापले. पण शरमेपेक्षा दुःख मोठं होतं. एवढ्या हजारो किताबांत, अख्ख्या जगाच्या किताबांत, उस्तादांचं वाक्य एकाच जागी होतं आणि ती जागा म्हणजे गुडघ्याच्या तेलाच्या शेजारी. ते पुसलं की उस्ताद कुठंच नाहीत.

इमामबी म्हणाली, "गप बसा की वो. कुणाला कळतंय? वाक्य चांगलंच हाय. मुक्या जनावराला पाणी मिळतंय, कुणाचं वाईट झालं?"

"तसं न्हाई गं."

"मंग कसं?"

खरं सांगायचं तर मामांच्याही मनात तेच येत होतं. गप बसलं तर उस्तादांचं वाक्य दगडावर कोरलं जाईल, पिढ्यान् पिढ्या वाचलं जाईल. बोललं तर नातवाचं मन मोडेल, गावात हसं होईल, आणि उस्तादांच्या नावाला बट्टा लागेल. दोन दिवस त्यांनी जेवण टाळलं. हौसरावानं येऊन पाहिलं आणि थट्टा न करताच मळ्याकडं वळला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वजू केला, टोपी घातली, आणि ते टिपण निवडलं. खरंच काढून टाकायचं का, असं त्या यंत्रानं विचारलं. तेही विचारतं हो माणसाला! उस्तादांच्या दफनाला मामांनी तीन मुठी माती टाकली होती, तशीच ही चौथी, असं त्यांना वाटलं आणि ते हमसून हमसून रडले. मग दाबलं. पुन्हा ते तीन शब्द घालून पाहिले. निकाल शून्य.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'माझी चूक झाली. ती हदीस नाही. कृपया पुढे पाठवू नये.' आणि अक्रमला मात्र फोन केला नाही. हे तोंडानं, समोर बसून सांगायचं होतं. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे एस.टी. पकडून बाजाराच्या दिवशी सकाळीच ते शिरूरला उतरले.

अक्रम हौदाजवळच होता. हौद झकास झाला होता, गुळगुळीत, पाण्यानं काठोकाठ. समोर काळी फरशी. वर मोठ्या अक्षरांत 'हदीस शरीफ', खाली मराठीत ते वाक्य. मामांना बघून अक्रम पुढं आला नाही. पाटसच्या ग्रुपवरचं कुणीतरी त्याला पाठवलं होतं.

"चाचा, हे काय लिव्हलंत तुम्ही?"

मामांनी सगळं सांगितलं. टिपणाचं, भाषांतराचं, तेलाच्या बाटलीचं. काहीच लपवलं नाही.

अक्रमचा चेहरा लालबुंद झाला. "म्हंजी माझा आजोबा खोटं बोलत व्हता? पैगंबरसाहेबांचं नाव घेऊन? साऱ्या घोडनदीनं त्यांच्याकडं कुराण वाचलं, आन् तुमी आता कॉम्प्युटर उघडून त्यांना खोटं पाडायला आलाय व्हय?"

हा प्रश्न मामांच्या वर्मी लागला. याचीच तर त्यांना धास्ती होती. ते हौदाच्या कठड्यावर बसले. काय सांगावं? आणि मग, कुणास ठाऊक कसं, त्यांना एम. ए.चा पहिला धडा आठवला. साखळी तपासताना सांगणाऱ्याला विचारायचं, तू नेमकं काय ऐकलंस? तुला काय वाटलं ते नको. शब्द सांग. तिथं कोण होतं, कसे उभे होते, ते सांग.

इतके दिवस त्यांनी हजारो किताबांना विचारलं होतं. स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

मामांनी डोळे मिटले. विहीर दिसली. दोर दिसला, हाताला काचणारा. उस्ताद काठावर वाकलेले, लुंगी गुडघ्यावर खोचलेली, डोक्याचा रुमाल सुटलेला, हातात पोहरा. बैलाच्या मानेवर थाप मारत म्हणतायत, परायेके बैलकू... त्याच्याआधी काय म्हणाले? मामांनी पुन्हा पुन्हा आठवलं. काही नाही. काहीच म्हणाले नव्हते!

"अक्रम," मामा एकदम म्हणाले, "उस्ताद जवा खरी हदीस सांगायचे, तवा कसं करायचे माहिती हाय का तुला? उभे असले तर खाली बसायचे. रुमाल सारखा करायचे. आन् पैगंबरसाहेबांचं वचन सांगायच्या आधी म्हणायचे, हुजूरने फरमाया. पोरांनी हालचाल केली तर थांबायचे. आन् हे वाक्य? हे ते उभ्यानं म्हणायचे. बैलाशी बोलल्यासारखं. हुजूरने फरमाया असं त्यांनी कवाच म्हटलं न्हाई. एकदाबी न्हाई."

"मंग?"

"मंग काय! त्यांच्या तोंडातनं जे येईल ते हदीसच असणार, असं मीच समजलो. पोरगं व्हतो मी. मला त्यांच्यापेक्षा मोठं कुणी ठाऊकच नव्हतं. ते खोटं बोलले न्हाईत रे. साखळीत कच्चा माणूस एकच, तो हा बसलाय तुझ्यापुढं. वाक्य त्यांचं स्वतःचं हाय, अक्रम. तुझ्या आजोबाचं. मी इतकी वर्षं ते त्यांच्याकडनं काढून घेतलं, आन् त्यांचं नावसुदिक कुठं घेतलं न्हाई."

बाजारात गर्दी वाढत होती, कमिटीची माणसं खुर्च्या मांडायला लागली होती. अक्रम वळून दुकानात गेला. मामांना वाटलं, संपलं. पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ग्राइंडर होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा. वायर ओढत आणली, फरशीसमोर उकिडवा बसला आणि 'हदीस शरीफ' ही ओळ घासायला लागला. ठिणग्या, धूळ, कर्र आवाज. कमिटीची माणसं "अरे काय करतोयस!" म्हणत धावत आली, त्यांना त्यानं हातानंच थांबवलं. ओळ गेली. तिथं पांढरा खरबरीत पट्टा राहिला. मग त्यानं दुकानातला ऑइलपेंट आणला आणि वाक्याच्या खाली, त्याच्या वेल्डिंगवाल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, दगडूमियाँ उस्ताद असं लिहिलं. रंग थोडा ओघळला, तो त्यानं अंगठ्यानं पुसला.

प्रबंधाचं म्हणाल, तर त्यात ते वाक्य आलं, पण आत नाही, सुरुवातीच्या ऋणनिर्देशात. मॅडमनी त्या पानावर एकही लाल खूण केली नाही. पण ते सगळं पुढं. त्या दिवशी तर भाषणं व्हायच्या आधीच एक बैलगाडी हौदापाशी थांबली. नगरकडचं जोडपं होतं, अनोळखी, गाडीत कांद्याची पोती. बैलांनी माना खाली घातल्या आणि असे प्यायले, असे प्यायले, की सगळे बोलायचे थांबून बघत राहिले.

गाडीवानानं फरशीकडं बोट केलं. "काय लिव्हलंय वो? मला वाचता येत न्हाई."

मामांनी सवयीनं तोंड उघडलं. पण अक्रम पुढं झाला. वाक्य वाचून दाखवलं.

"ह्ये देवाचं बोलणं हाय का?" गाडीवानानं विचारलं.

"न्हाई," अक्रम म्हणाला. "माझे आजोबा म्हणायचे. दगडूमियाँ."

"दगडूमियाँ," गाडीवान म्हणाला. त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारली, गाडीवर चढला, आणि गाडी हलली तरी मागं बसलेल्या बायकोला सांगत होता, "आगं ऐकलंस का, इथं कुणी दगडूमियाँ व्हते, ते म्हणायचे..."

पुढचं चाकांच्या आवाजात ऐकू आलं नाही. शेखलालमामा कठडा धरून उभे होते आणि चारचौघांत, बाजारात, उघडउघड रडत होते.